मागची चाकं आधी जाम होतात? बॅलन्स बारच्या आधी मास्टर सिलिंडर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरच्या शेडमध्ये पाइपची चॅसी वेल्ड केली, स्विफ्टचं इंजिन आणि गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या मागं बसवलं. चारही चाकांना स्विफ्टच्या पुढच्या चाकांचेच हब, डिस्क आणि कॅलिपर आहेत. पुढच्या ब्रेकला एक मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचं तेल दाबणारा), मागच्याला एक, दोन्ही सहा सुती म्हणजे पाऊण इंची, आणि पेडलवर बॅलन्स बार, म्हणजे पायाचा जोर दोन सिलिंडरांत वाटणारा आट्यांचा दांडा. बार पूर्ण पुढच्या बाजूला फिरवून झाला, तरी जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. तुम्ही विचारलंय की लांब आट्यांचा बार करून घ्यावा, की मागच्या लाइनला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह टाकावा.

सध्या दोन्ही करू नका. तुमच्या गाडीत दोन वेगळ्या चुका एकावर एक बसलेल्या दिसतात, आणि नव्या बारने किंवा व्हॉल्व्हने त्या फक्त झाकल्या जातील.

आधी मूळ गोष्ट. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत कंपनी मागं लहान ब्रेक देते, कारण त्या गाडीचं मागचं वजन कमी असतं. शिवाय तिथे ब्रेकच्या लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. तुम्ही दोन स्वतंत्र सिलिंडर टाकून पुढचं-मागचं वेगळं केलंत, हे चांगलं केलंत. पण चारही कोपऱ्यांत सारखे कॅलिपर, सारख्या डिस्क आणि सारखे सिलिंडर म्हणजे बार मधोमध असताना ब्रेक बरोबर अर्धा पुढं, अर्धा मागं लागतो. तुमच्या गाडीला तो अर्धा-अर्धा चालत नाही. किती लागतो, ते मोजून काढावं लागतं.

मोजायला चार सारखे प्लॅटफॉर्म काटे लागतात. ट्रकच्या वजनकाट्यावर एक एक्सल चढवून काढलेला आकडा या कामाला फार ढोबळ होतो. आमच्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत्यांकडे असतात तसले ३०० किलोचे काटे मी दोन दिवसांसाठी मागून आणतो. चारही काटे एका पातळीत, ड्रायव्हर हेल्मेट घालून सीटवर, टाकीत अर्धं पेट्रोल, आणि मग वजन. तुमच्या वर्णनावरून मी असं धरतो: ड्रायव्हरसकट ६८० किलो, पुढं ४२ टक्के म्हणजे २८६ किलो, मागं ३९४ किलो, दोन एक्सलमधलं अंतर २.३ मीटर. गुरुत्वमध्याची उंची ४२ सेंटिमीटर धरू. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण पद्धत हीच राहील.

ब्रेक मारला की वजन पुढं सरकतं. किती, तर एकूण वजन गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले एक्सलमधलं अंतर, आणि त्याला ब्रेकच्या जोराने गुणायचं. १ जी, म्हणजे कोरड्या ट्रॅकवर चांगल्या टायरला झेपेल इतका ब्रेक धरला तर १२४ किलो पुढं जातात. पुढं ४१० झाले, मागं २७० उरले. म्हणजे या ब्रेकला पुढचा वाटा ६० टक्के हवा. तुम्ही ५० देताय. मागची चाकं जाम होणारच.

गुरुत्वमध्याची उंची मोजणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम आहे. शॉक अब्सॉर्बरच्या जागी लोखंडी पट्ट्या बांधून सस्पेन्शन घट्ट करायचं, मागची चाकं ४०० मिलिमीटर उचलून ठोकळ्यांवर ठेवायची आणि पुढच्या काट्यांवर किती वाढलं ते बघायचं. तुमच्या गाडीत ते सात-आठ किलोच वाढेल. दोन किलोची चूक झाली की उंचीत चार सेंटिमीटरचा फरक पडतो. याची भीती बाळगू नका. चार सेंटिमीटरने पुढचा वाटा पावणेदोन टक्क्यांनी बदलतो आणि तेवढं बारचा एक आटा सांभाळून घेतो. बार असतो तो याच्यासाठी. दहा टक्क्यांची मूळ चूक सुधारणं हे त्याचं काम नाही. ती सिलिंडरने सुधारायची.

सिलिंडर कसा निवडायचा? ढकलण्याचा जोर तोच ठेवून सिलिंडर लहान केला की प्रेशर वाढतं. सहा सुती म्हणजे १९.०५ मिलिमीटर, क्षेत्रफळ २८५ चौरस मिलिमीटर. पाच सुती म्हणजे १५.८८ मिलिमीटर, क्षेत्रफळ १९८. पुढं पाच सुती आणि मागं सहा सुती लावला, तर बार मधोमध असताना पुढचं प्रेशर मागच्याच्या १.४४ पट होतं. कॅलिपर आणि डिस्क सारख्याच असल्याने ब्रेकचा वाटाही तोच: पुढं ५९ टक्के. आपल्याला हवे आहेत ६०. एवढा जवळचा मेळ दुकानात तयार मिळणाऱ्या मापांत बसतोय, तर बारला ताण कशाला द्यायचा?

पाय किती जोरात मारावा लागेल तेही बघून घ्या, कारण तुमच्याकडे पायाच्या जोराला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर नाही. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटर, डिस्कवर पॅड जिथे धरतो ती त्रिज्या १०० मिलिमीटर, टायरची त्रिज्या २८०, पॅडचं घर्षण ०.४ आणि पेडलची पट (पेडल पायाचा जोर जितक्या पटीने वाढवतं ती) ५ धरली, तर १ जी साठी पायाचा जोर सुमारे ३० किलो लागतो. हा आरामाचा आकडा आहे. माझ्या अनुभवात ट्रॅकवर ३० ते ५० किलोच्या मधला ब्रेक ड्रायव्हरला नीट समजतो. त्याहून हलका असला की पाय कुठे थांबवायचा हे कळत नाही. पिस्टन कॅलिपर उघडून स्वतः व्हर्नियरने मोजा, दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर विसंबू नका.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. बॅलन्स बार म्हणजे कावड आहे. दोन टोकांना दोन पुशरॉड, म्हणजे सिलिंडर ढकलणारे दांडे, लटकलेत आणि मधलं गोल बेअरिंग म्हणजे खांदा. खांदा ज्या घागरीजवळ सरकेल तिचं ओझं वाढतं. दोन पुशरॉडमधलं अंतर बहुतेक बारांत ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. तुम्ही लिहिलंय की बार पूर्ण फिरवला, बेअरिंग पुढच्या पुशरॉडकडे आठ मिलिमीटर सरकलं. हिशोबाने तेवढ्यात पुढं सुमारे ६३ टक्के जोर जायला हवा होता. म्हणजे सारख्या सिलिंडरवरही मागची चाकं आधी जाम व्हायला नको होती. तरी होतात. याचा अर्थ बार कुठेतरी अडकतोय आणि तुम्ही फिरवलेले आटे चाकापर्यंत पोचतच नाहीत.

अडकतो असा. पेडल दाबलं की दोन्ही पुशरॉड सारखे पुढं जात नाहीत. ज्या लाइनला जास्त तेल लागतं तो जास्त जातो आणि बार तिरका होतो. थोडा तिरका झाला तर हरकत नाही. पण पुशरॉडचा चिमटा, ज्याला आम्ही क्लेव्हिस म्हणतो, तो पेडलवर वेल्ड केलेल्या नळीला टेकला की कावड संपली. मग बार पेडलला घट्ट बांधलेल्या पट्टीसारखा वागतो आणि तुमचं ॲडजस्टमेंट तिथेच थांबतं. दोन्ही बाजूंची मोकळीक मिळून पाच-सहा मिलिमीटर हवी. बरेच जण खडखड ऐकू येते म्हणून वॉशर टाकून ती भरून काढतात. ते वॉशर असतील तर आजच काढा. बारला ती खडखड हवीच आहे.

आणि बार इतका तिरका का होतोय हे शोधायचं असेल तर ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरवरचं हवा काढायचं तोंड, बघा. कॅलिपर डावीकडचा उजवीकडे गेला की निपल खाली जातं. हब सुटे आणून बसवताना हे हमखास होतं. हवा वर चढते, निपल खाली, मग तुम्ही दहा वेळा ब्रेकची हवा काढा, वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा तिथेच बसून राहतो. पेडल थोडं स्पंजी लागतं, त्या लाइनचा पुशरॉड दुसऱ्यापेक्षा खूप पुढं जातो, बार तिरका होतो, क्लेव्हिस नळीला टेकतो. एका पोराच्या गाडीत मी हे अख्खा दिवस शोधलं होतं. बार बदलला होता, सिलिंडर बदलले होते. शेवटी उजवा कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवला, दोन पॅडच्या मधे सागवानाचा डिस्कच्या जाडीचा तुकडा घातला, निपल वर येईल असा हातात उलटा धरला आणि त्याला पेडल दाबायला सांगितलं. निपलमधून आधी फेसाळ तेल आलं, मग फुस्स करून मोठा बुडबुडा. पेडल दगडासारखं झालं. कॅलिपर अदलाबदल करून नीट बाजूंना लावले आणि त्याचा बार त्या दिवसापासून काम करायला लागला.

बसवताना एक नियम लक्षात ठेवा: बार पुशरॉडशी काटकोनात हवा तो ब्रेक दाबलेला असताना, पेडल मोकळं असताना नव्हे. पुढचा सिलिंडर लहान केल्यावर त्याचा पुशरॉड जास्त अंतर जाणार. म्हणून पेडल मोकळं असताना बारचं पुढच्या ब्रेककडचं टोक ड्रायव्हरच्या बाजूला थोडं कललेलं ठेवावं लागतं, म्हणजे तो पुशरॉड थोडा लांब. दोस्ताला पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि पायापाशी टॉर्च घेऊन आडवे होऊन बघा. गुण्या लावून बघितलं तर उत्तम. मग पेडल सोडल्यावर प्रत्येक पुशरॉडला एखादा मिलिमीटर मोकळा खेळ आहे ना ते तपासा. खेळ नसेल तर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक उघडत नाही, तेल तापून फुगतं, आणि दोन फेऱ्यांत ब्रेक आपोआप धरायला लागतो. पेडलचा मागचा टेकू वेगळा असावा, पेडल सिलिंडरच्या दांड्यावर टेकलेलं नसावं.

एवढं झालं की चाकं हवेत असतानाच प्रेशर मोजा. पुढच्या एका आणि मागच्या एका कॅलिपरच्या निपलच्या जागी १०० बारचे (इथे बार म्हणजे प्रेशरचं एकक) दोन गेज बसवा. निपलच्या आट्यांचा अडॅप्टर कोणताही बरा टर्नर तासाभरात करून देतो. पेडल हळूहळू दाबत जा आणि दोस्ताला दोन्ही आकडे लिहायला सांगा. वर धरलेल्या मापांवर पुढं ३८ बार असताना मागं २६ दिसायला हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १० बारला, २०ला, ४०ला हे गुणोत्तर सारखंच राहतं का. वर जाता जाता ते बदलायला लागलं तर बार अजूनही कुठेतरी टेकतोय. मग बार एक आटा फिरवून परत मोजा. आट्याची पिच सव्वा मिलिमीटर असेल तर एका आट्याला पुढचा वाटा साधारण दोन टक्क्यांनी बदलेल. बदल दिसला नाही तर ट्रॅकवर जाऊ नका.

व्हॉल्व्हचं म्हणाल तर तो फक्त मागच्या लाइनचं प्रेशर एका मर्यादेनंतर कमी चढवतो. एकच मास्टर सिलिंडर असलेल्या आणि पुढचं-मागचं वेगळं असलेल्या गाडीत तो योग्य आहे. बॅलन्स बार असलेल्या गाडीत तो टाकला की एकाच कामाला दोन हात लागतात आणि काय बदलल्याने काय झालं हे कळेनासं होतं. जुन्या गाडीतून आलेला असा व्हॉल्व्ह किंवा मागच्या एक्सलच्या उंचीवर चालणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह लाइनमधे राहिला असेल तर तो काढून टाका. पुढच्या लाइनला तर तो कधीच नको.

गाडी चालवून बघायची ती बंद आवारात किंवा ट्रॅकवर, टेम्पोतून नेऊन. या गाडीला नंबर नाही, हायवेवर रात्री ब्रेक मारून बघण्याचा विचारही करू नका. पॅड नवे असतील तर आधी बसू द्या: ऐंशीवरून तीसपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा ब्रेक, मधे थांबायचं नाही, मग गार होऊ द्यायचं. गार पॅडवर केलेलं सेटिंग खोटं असतं, कारण पुढचे आणि मागचे पॅड वेगवेगळ्या वेगाने तापतात.

बार हिशोबाने जिथे यायला हवा त्यापेक्षा दोन आटे जास्त पुढच्या बाजूला ठेवून सुरुवात करा. टायरच्या बाजूला खडूच्या जाड रेघा मारा. दोस्ताला बाजूला, गाडी फिरली तरी पोचणार नाही इतक्या लांब, मोबाइलवर शूट करायला उभं करा. ४० च्या वेगाने सरळ जायचं, क्लच दाबायचा, आणि ब्रेक जाम होईपर्यंत मारायचा. व्हिडिओ हळू करून बघितला की कुठलं चाक आधी थांबलं ते रेघेवरून स्पष्ट दिसतं. पुढची आधी थांबत असतील तर अर्धा आटा मागं, परत तेच. मागची आधी थांबली की एक आटा पुढं घ्या आणि तिथे थांबा. मग वेग ६०, ८०. वेग वाढवताना दर वेळी बघा, कारण ब्रेकचा जोर वाढला की हवा असलेला वाटाही सरकतो. १.२ जी ला तुमच्या गाडीला पुढं ६४ टक्के लागतील, आणि बारने ठरवलेला वाटा तर एकच असतो. म्हणून सेटिंग करायचं ते ट्रॅकवर सगळ्यात जोरात जिथे ब्रेक मारता तिथलं. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ जाते आणि ब्रेक सोडला की परत वळते. मागची झाली तर ती सावरायला वेळच मिळत नाही. माझी पहिली गाडी कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर अशीच गेली होती. त्या दिवशी मी बार मागं घेतला होता, कारण पुढचे टायर घासत होते, आणि ब्रेकमधली हवा काढून बघण्याऐवजी आटे फिरवले होते.

क्लच दाबून चाचणी झाली की मग गिअरमधे करा. तुमची गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाते, म्हणजे पाय उचलला की इंजिन मागची चाकं आणखी धरतं. गिअर घाईत खाली टाकून क्लच सोडला तर निव्वळ त्यानेही मागची चाकं सटकतात. तुमची गाडी ब्रेकच्या सुरुवातीलाच फिरते की गिअर खाली टाकताना, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते नक्की बघा. गिअर टाकताना फिरत असेल तर ते बारने सुटणार नाही, टाच-अंगठ्याने, म्हणजे अंगठा ब्रेकवर ठेवून टाचेने रेस देऊन, गिअर टाकायला शिकावं लागेल. कार्टिंग करून आलेल्या आमच्या इकडच्या पोरांना हे विशेष सांगावं लागतं. साध्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या एक्सलला असतो आणि मागचं थोडं सटकवून वळायची सवय अंगात भिनलेली असते.

पावसात टायर धरत नाहीत, वजन कमी सरकतं. ०.६ जी ला तुमच्या गाडीला पुढं ५३ टक्केच पुरतात. म्हणून पाऊस आला की बार मागं घेतात. पण मी हिशोबाइतका कधीच घेत नाही. एक ते दीड आटा, बस. ट्रॅक वाळायला लागला की ड्रायव्हर परत फिरवायला विसरतो आणि तिथे अपघात होतो. पेडलपासून डॅशबोर्डवर केबलची नॉब आणली असेल तर तिच्या शेजारी कोरड्याची आणि पावसाची खूण रंगाने करून ठेवा.

ब्रेक ऑइल डॉट ४ किंवा डॉट ५.१ वापरा. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. कोकणात किंवा आमच्याकडे पावसाळाभर शेडमधे उभ्या गाडीचं तेल हवेतलं पाणी ओढतच असतं, म्हणून ट्रॅकवर जायच्या आठवड्यात सगळं बदला आणि सीलबंद डबाच उघडा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, नावाला फसून ते यात घालू नका.

सिलिंडर बदलल्यावर, गाडी हलवण्याआधी, एक चाचणी केल्याशिवाय सीटवर बसू नका. पुढचा एक निपल उघडा आणि पेडल दाबा. पुढची लाइन फुटली असं समजायचं. पेडल खाली जाईल, बार तिरका होईल, पण चॅसीला टेकायच्या आत मागचा ब्रेक लागला पाहिजे. मग पुढचा निपल बंद, हवा काढून, मागचा उघडा आणि तेच. दोन सिलिंडर टाकतात ते याच एका क्षणासाठी. लागला नाही तर पुशरॉडची लांबी आणि पेडलची चाल परत जमवा. पेडल आणि त्याचा ब्रॅकेटही ताकदीचा हवा. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांना नियमानेच पेडलवर २००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, झेपावे लागतात. घाबरलेला माणूस ३० किलोने पेडल दाबत नाही, म्हणून घरच्या गाडीलाही मी तेच माप लावतो.

बार जागेवर आला की दोन्ही चेकनट आवळून नट आणि बार यांच्यावर नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. प्रत्येक सेशननंतर ती रेघ तुटली का बघायला दोन सेकंद लागतात. काट्यांवरची चार वजनं आणि दोन गेजचे आकडे हातात आले की पाठवा, तुमच्या गाडीचा हिशोब आपण त्यावर परत मांडू.